वेष्टणातला ओवा

बाजारातून आणलेल्या चीजचे प्लॅस्टिक आपण क्षणात फेकतो. ते मात्र शतकभर उरते. त्याऐवजी कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनचा, मातीत विरणारा पापुद्रा वापरावा आणि त्यात ओव्याचे वा लवंगेचे तेल मिसळावे, असे प्रयोग चालू आहेत. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल जिवाणूंच्या पेशीचे आवरण सैल करते. आतला ऐवज झिरपून जिवाणू मरतो.

गोम पुढेच आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत पुरणारे तेल चीजवर पुरत नाही, कारण स्निग्धांश ते शोषून घेतो. मात्रा वाढवावी तर चीजला ओव्याचा वास! शिवाय पापुद्रा सुकवतानाच पुष्कळसे तेल उडून जाते. म्हणून ते स्टार्चपासून केलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये कोंडतात; मग ते सावकाश सुटते. वास तरीही राहतोच. माझ्या मते ही वेष्टणे आधी मसालेदार पदार्थांनाच मानवतील.