प्रकृती म्हणजे काय, आणि काय नाही

रस्त्यात ओळखीचे माणूस भेटले की आपण विचारतो, ‘काय, प्रकृती कशी आहे?’ इथे प्रकृती म्हणजे तब्येत. ती आज बरी असते, उद्या बिघडते, औषधाने सुधारते. पण ‘याची प्रकृतीच उष्ण, याला ठेचा सोसत नाही’ असे आजी म्हणते, तेव्हा तोच शब्द ती निराळ्या अर्थाने वापरते. ही प्रकृती म्हणजे माणसाची जन्मजात ठेवण. आयुर्वेदात प्रकृती हा शब्द या दुसऱ्या अर्थाने येतो. दोन अर्थांची गल्लत झाली, तर मुलांच्या आरोग्याचे नुकसान होऊ शकते.

हा विषय आज वर्गातही पोचला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘देश का प्रकृति परीक्षण’ ही मोहीम सुरू केली. मोबाइलवरच्या प्रश्नावलीच्या आधारे एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृती नोंदवली गेली. ‘सर, मी वात की पित्त?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर काय सांगावे?

ग्रंथांतील कल्पना

वात, पित्त आणि कफ हे तीन दोष प्रत्येकाच्या शरीरात असतात, असे आयुर्वेद मानतो. त्यांतील कोणता प्रबळ, यावरून प्रकृती ठरते. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही दोष सारखे असलेली एक, अशा एकूण सात प्रकृती होतात.

प्रत्येक दोषाला गुण दिलेले आहेत. वात रूक्ष, हलका, थंड व चंचल. पित्त उष्ण, तीक्ष्ण व पातळ. कफ स्निग्ध, जड, मंद व स्थिर. त्यावरून वातप्रकृतीचा माणूस सडपातळ व कोरड्या त्वचेचा, पित्तप्रकृतीचा भूक व उन्हाळा न सोसणारा, तर कफप्रकृतीचा भरल्या अंगाचा व सावकाश हालचालींचा, अशी वर्णने येतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करायला सांगितली आहे. त्यात प्रकृती पहिली आणि विकृती, म्हणजे झालेला बिघाड, दुसरी. या दोन गोष्टी ग्रंथकारांनी मुळातच वेगळ्या ठेवल्या होत्या, हे लक्षात घ्यावे.

प्राचीनांमध्ये याविषयी एकमतही नव्हते. सुश्रुत म्हणतो, विषात जन्मलेल्या किड्याला जसे ते विष बाधत नाही, तशी माणसाला स्वतःची प्रकृती बाधत नाही. चरकसंहितेत मात्र तिन्ही दोष सम असणाराच निरोगी मानला आहे. एखादा दोष प्रबळ असणारे लोक नेहमी आजाराच्या उंबरठ्यावर असतात, असे तिथे म्हटले आहे.

समतोल कशाचा?

प्रकृती जन्माची असेल, तर ती बदलायची नसते. समतोल राखायचा तो आहार-विहाराचा. त्याचा नियम सोपा आहे: जो गुण वाढतो, त्याच्या विरुद्ध गुणाचे खावे-प्यावे आणि वागावे. त्यात देश आणि ऋतू यांचाही विचार असतो. कमी पाणी, विरळ झाडी, कडक ऊन आणि कोरडे वारे असलेल्या मुलखाला ग्रंथांत ‘जांगल देश’ म्हटले आहे. तिथे वात व पित्त यांचे प्राबल्य असते, असे सांगितले आहे. बीड जिल्ह्यातील नेकनूर आणि बालाघाटावरची आसपासची गावे या वर्णनात सहज बसतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खाणे किंवा चैत्र-वैशाखात पन्हे पिणे, या रीती त्याच नियमाच्या भाषेत समजावून देता येतात. मात्र एखादी रीत नियमात बसवून दाखवता आली, म्हणजे नियम सिद्ध झाला असे नव्हे. त्यासाठी पारख लागते.

पारख कशी करायची?

पारखीचे दोन टप्पे आहेत. पहिला: एकाच माणसाला दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले, तर दोघे एकच प्रकृती सांगतात का? फूटपट्टी दर वेळी निराळी लांबी दाखवू लागली, तर तिचा उपयोग काय? व्ही. कुरंडे आणि सहकाऱ्यांनी १५ आयुर्वेदिक वैद्यांकडून २० निरोगी व्यक्तींची तपासणी करून घेतली, तेव्हा वैद्यांमध्ये एकमत फारसे आढळले नाही. ठरीव प्रश्नावली आणि पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘आयुसॉफ्ट’ ही संगणक-प्रणाली, हे ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न होत.

दुसरा टप्पा: ठरवलेल्या प्रकृतीचा शरीरातील मोजता येणाऱ्या एखाद्या गोष्टीशी संबंध लागतो का? पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, कल्पना जोशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्यात शरीराला मदत करणारी एचएलए नावाची जनुके असतात. त्यांतील एक विशिष्ट प्रकार वातप्रकृतीच्या गटात अजिबात सापडला नाही, तर दुसरा एक कफप्रकृतीच्या गटात. निष्कर्ष लक्षवेधी होता. पण ७६ जण तीन गटांत वाटले, की एकेका गटात थोडेच उरतात. अशा लहान गटात एखादी गोष्ट केवळ योगायोगानेही गैरहजर असू शकते.

२०१५ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. ३,४१६ जणांची चाळणी करून स्पष्ट प्रकृतीचे २६२ पुरुष निवडले गेले. त्यांच्या जनुकसंचात ५२ ठिकाणी तीन प्रकृतींमध्ये फरक आढळले. साखरेच्या चयापचयातील ‘पीजीएम१’ या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसला. भूक आणि पचन पित्ताशी जोडणाऱ्या परंपरेशी हे जुळते. पण यात स्त्रिया नव्हत्या, आणि मिश्र प्रकृतीचे लोक बाजूला ठेवले होते. शिवाय, एखादा फरक दिसणे वेगळे आणि त्यानुसार आहार ठरवल्याने प्रकृती सुधारते हे सिद्ध होणे वेगळे. (पाहा, इथे ‘प्रकृती’चा पहिला अर्थ परत आला!)

वर्गात करून पाहा

वात, पित्त, कफ अशी तीन पर्यायांची दहा प्रश्नांची यादी करा. प्रत्येक विद्यार्थ्याने ती स्वतःबद्दल भरावी, आणि शेजारच्या मित्राने त्याच्याबद्दल न विचारता वेगळी भरावी. मग प्रबळ ठरलेला दोष किती जणांत जुळला ते मोजा. उत्तरे नुसती अंदाजाने दिली आणि तिन्ही दोष सारख्याच प्रमाणात येत असले, तरी तीस विद्यार्थ्यांत सुमारे दहा जोड्या जुळणारच. म्हणून खरी मोजणी दहाच्या पुढे सुरू होते. हीच यादी एकदा जानेवारीत आणि एकदा ऑगस्टमध्ये भरून घ्या. ‘त्वचा कोरडी आहे का?’ याचे उत्तर बदलले, तर आपण प्रकृती मोजली की हवामान?

एक इशारा

वर्गात एखादी मुलगी सडपातळ, फिकट, लवकर दमणारी आणि लक्ष न लागणारी असते. ‘ती वातप्रकृतीचीच आहे’ असे म्हणून आपण तिला सोडून देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून तिला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शंभर मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर ती विकृती आहे आणि तिच्यावर उपचार आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने खाल्ली की दप्तरात ठेवली, हेही पाहावे.

माणसे एकसारखी नसतात, म्हणून आहार आणि औषधही सर्वांना एकच लागू पडेल असे नाही, हा प्रकृतिविचाराचा गाभा मोलाचा आहे. त्याची पारख चालू राहील. शिक्षकाने मात्र चरकाचाच क्रम लक्षात ठेवावा: प्रकृती पाहून झाली, की विकृती पाहायची राहता कामा नये.