ऑटिस्टिक व्यक्तीने डेटिंग शोमध्ये जावं का?

‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ हा शो 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर सुरू झाला. 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची अमेरिकी आवृत्ती आली. यात ऑटिस्टिक तरुण-तरुणी जोडीदार शोधतात. ‘यांना प्रेम कळत नाही’ हा गैरसमज तो खोडून काढतो. मात्र काही ऑटिस्टिक प्रेक्षकांचीच तक्रार आहे की पार्श्वसंगीत आणि एडिटिंगमुळे मोठी माणसं लहान मुलांसारखी वाटतात.

तिथे राहणाऱ्या आपल्या कुणाला असं बोलावणं आलं तर? शूटिंग तासन्‌तास चालतं, दिसतात मोजकी मिनिटं. ती कोणती, हे निर्माते ठरवतात. म्हणून सही करण्याआधी लेखी विचारा: मधेच थांबता येईल का? नको तो प्रसंग गाळता येईल का? दिवे, गोंगाट सहन झाला नाही तर विश्रांती मिळेल का? एकदा क्लिप फोनाफोनी फिरली की परत घेता येत नाही.

अम्मी-अब्बांनी सल्ला जरूर द्यावा. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नकार किंवा नाव होईल म्हणून होकार परस्पर कळवू नये. सज्ञान मुला-मुलीने उत्तराला वेळ घेतला, बोलण्याऐवजी लिहून दिलं, तरी उत्तर त्यांचंच.