जावा भाषेतून जेसन-लेखन : चिन्हे, रचना आणि अर्थ

संगणकाच्या स्मृतीतील माहिती दुसऱ्या संगणकाकडे पाठवावयाची अथवा पुढील अभ्यासकांसाठी जतन करावयाची झाल्यास तिला मजकुराचे रूप द्यावे लागते. या कामी प्रचलित असलेल्या पद्धतींपैकी जेसन ही एक प्रमुख पद्धती होय. डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या आरंभी तिचा पुरस्कार केला. तिचे सध्याचे इंटरनेट-मानक, आरएफसी ८२५९, डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे व्याकरण अत्यंत आटोपशीर आहे. नाव व मूल्य यांच्या जोड्या धारण करणारा ऑब्जेक्ट, मूल्यांची क्रमवार यादी, अक्षरमाला, संख्या, सत्य, असत्य आणि मूल्याचा अभाव दर्शविणारे ‘नल’ एवढेच प्रकार तीत संभवतात. या साधेपणामुळेच, कंस व स्वल्पविराम एकापुढे एक जोडीत गेले की मजकूर सिद्ध झाला, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेच्या संदर्भात येथे विचार करावयाचा आहे.

अशा जोडकामात दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला उघड दोष. ग्रंथाच्या नावातच दुहेरी अवतरणचिन्ह असले आणि त्याच्या आधी बॅकस्लॅश ही उलटी तिरपी रेघ देण्याचे राहून गेले, तर वाचणारा प्रोग्राम अक्षरमाला तेथेच संपली असे समजतो. पुढचा मजकूर व्याकरणात बसत नाही आणि बहुधा संपूर्ण लेख नाकारला जातो. हा दोष त्रासदायक खरा. परंतु तो लपून राहत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. समजा, दोन दिवसांच्या पर्जन्यमानाचे आकडे, १२.५ आणि ८.० मिलिमीटर, एका यादीत लिहावयाचे आहेत. दशांशानंतर एकच स्थळ ठेवण्यासाठी स्ट्रिंग या वर्गाची ‘फॉर्मॅट’ ही पद्धत वापरली. ही पद्धत, वेगळे काही न सांगितल्यास, संगणकावर ठरविलेल्या भाषा-प्रदेशाच्या रूढीप्रमाणे संख्या लिहिते. तो प्रदेश जर्मनी असेल, तर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि यादी [१२,५,८,०] अशी होते. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहे; मात्र दोन दिवसांचे आता चार दिवस झाले! भाषा मराठी ठरविलेली असल्यास देवनागरी अंकही उमटू शकतात. जेसनच्या संख्यांना केवळ इंग्रजी अंकच मान्य असल्याने हा दोष निदान उघडकीस तरी येतो. जर्मन स्वल्पविरामाचा दोष मात्र कोणतीही सूचना न देता संशोधनाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचतो.

यावरून असे दिसून येईल की, चिन्हे लिहिण्याचे काम व्याकरण जाणणाऱ्या स्वतंत्र घटकाकडे सोपविणेच इष्ट होय. जावासाठी जॅक्सन, जीसन इत्यादी ग्रंथालये याच हेतूने उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग दोन रीतींनी करता येतो. विस्तृत माहिती असल्यास ‘येथे यादीचा आरंभ’, ‘येथे संख्या’ अशा क्रमवार आज्ञा देत मजकूर प्रवाहरूपाने लिहिता येतो. अन्यथा संपूर्ण ऑब्जेक्ट ग्रंथालयाच्या स्वाधीन केला असता ते त्याच्या वर्गाची घडण तपासून स्वतःच त्याचा मजकूर तयार करते.

तथापि एवढ्याने लेखकाची जबाबदारी संपत नाही. स्मृतीतील ऑब्जेक्ट परस्परांकडे निर्देश करीत असतात. त्यांचे जाळे बनते. जेसनचा मजकूर मात्र वृक्षासारखा असतो : मूळ, शाखा, उपशाखा. मार्गदर्शकाच्या ऑब्जेक्टमध्ये विद्यार्थ्यांची यादी आणि प्रत्येक विद्यार्थ्यात मार्गदर्शकाचा निर्देश असल्यास, जसेच्या तसे लेखन कधी संपतच नाही आणि अखेरीस स्मृतीची मर्यादा ओलांडून प्रोग्राम थांबतो. म्हणून विद्यार्थ्याच्या नोंदीत मार्गदर्शकाचा केवळ क्रमांक लिहावा. किंबहुना, लेखनापुरता एक निराळा वर्ग करून त्यात नेमकी तेवढीच माहिती ठेवणे श्रेयस्कर. जाळ्याचा वृक्ष कोठे कापावयाचा, हा निर्णय अर्थाचा आहे. तो ग्रंथालय घेऊ शकत नाही.

तद्वतच वाचकाच्या मर्यादेचाही विचार हवा. जावाच्या ‘लाँग’ या प्रकारात ६४ बिटांची पूर्णांक संख्या अचूक राहते. परंतु जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्या-प्रकारात ९००७१९९२५४७४०९९१ या मर्यादेपलीकडे सर्व पूर्णांक अचूक मावत नाहीत. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या तेथे...९९२ अशी वाचली जाते. २०१० मध्ये ट्विटरने मोठे नोंद-क्रमांक स्वीकारले, तेव्हा याच कारणास्तव तोच क्रमांक अक्षरमालेच्या रूपातही देण्याची व्यवस्था त्याला करावी लागली. ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते, ती वस्तुतः नावच होय. ती अक्षरमाला म्हणून लिहावी.

लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून मूळ माहितीशी ताडून पाहणे, ही परीक्षा अवश्य करावी. परंतु ती त्याच प्रोग्रामने, त्याच संगणकावर केल्यास अपुरी ठरते, कारण वरील मोठा क्रमांक जावा स्वतः बिनचूक परत वाचील. यास्तव निदान एकदा तरी वाचक दुसऱ्या भाषेतील असावा आणि लेखन दुसऱ्या भाषा-प्रदेशाच्या योजनेत करून पाहावे. सारांश, चिन्हांची शुद्धता ग्रंथालयावर सोपविता येते; अर्थाची शुद्धता मात्र ज्याने माहिती गोळा केली, त्यालाच राखावी लागते.