ताई वाचते, दादा का नाही?

मुलीच्या हाती पुस्तक गेले तर संसाराचे कसे व्हायचे, ही चिंता पुण्याने एकेकाळी फार वाहिली. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना काय काय सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. पण १८५५ मध्ये त्यांच्याच शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. आता चिंतेने कूस बदलली आहे. मुलगे का वाचत नाहीत, असे आईबाप विचारू लागले आहेत.

‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत वाचायला दिला होता. तो ७६ टक्के मुलींना वाचता आला, मुलग्यांपैकी ७०.९ टक्क्यांना. परदेशांतही हेच. २०१८ च्या ‘पिसा’ चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात वाचनात मुलीच पुढे होत्या.

यावर कोणी म्हणेल, मुलींची बुद्धीच अक्षरांची. पण गंमत पाहा, त्याच ‘असर’ पाहणीत इंग्रजी वाचनात आणि गणितात मुलगे पुढे आहेत. बुद्धी अक्षरांचीच असती, तर इंग्रजी अक्षरांनी तिचे काय घोडे मारले? मला वाटते, उत्तर मेंदूत नसून घरात आहे. खाजगी शाळांत मुलींपेक्षा मुलगे अधिक जातात. फी भरायची वेळ आली की ‘तो’ इंग्रजी शाळेत आणि ‘ती’ जिल्हा परिषदेच्या शाळेत, ही वाटणी कोणाला ठाऊक नाही? शिवाय पुस्तक घेऊन घरात बसणे हे मुलीचे लक्षण, अशी समजूत मुलग्याच्या मनात आपणच रुजवतो.

मुळशी तालुक्यातील नांद्यासारख्या गावात हा प्रश्न नुसता कौतुकाचा नाही. या तालुक्याच्या बायांपाशी भाषा कधीच कमी नव्हती. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कष्टाने टिपून ठेवल्या आहेत. उणीव होती ती अक्षराची. तिची नात आज मराठी झरझर वाचते; पण त्याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या कचेऱ्या इंग्रजी आणि हिशेब विचारतात. तिथे तिचे मराठीतले पाच टक्के कोण मोजणार? आणि मराठीत अडखळणाऱ्या तिच्या भावाला घरचा सातबारा तरी कसा उलगडणार?

म्हणून मुलग्याला ‘वाच, वाच’ म्हणून पिडू नये. त्याला कुस्तीचे, क्रिकेटचे, गडकिल्ल्यांचे पुस्तक द्यावे, आणि मुख्य म्हणजे बापाने त्याच्यासमोर स्वतः वाचत बसावे. मुलीच्या वाचनाचे कौतुक जरूर करावे. पण इंग्रजी आणि गणितासाठी तिच्यावरही तेवढाच पैसा खर्चावा. फराळाच्या ताटात आपण लेकाला आणि लेकीला करंज्या सारख्याच वाढतो. विद्येच्या ताटात हात आखडू नये.