बंदुकीचे सुटे भाग आणि लाल ठिपक्याची बैठक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंद्रायणीच्या काठचे मोशी हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात पुरते सामावले असले आणि नाशिक रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी भोसरी, चिखली, तळवडे आणि चाकण यांच्या मध्ये पसरलेल्या या टापूचा खरा स्वभाव तेथल्या लहानमोठ्या कारखान्यांतच प्रकट होतो. कागदावर रेखाटलेली धातूची कोणतीही वस्तू, ड्रॉइंग हाती पडल्यापासून थोड्याच दिवसांत व्हीएमसी यंत्रावर कापून देणारे कसबी कारागीर येथे गल्लोगल्ली आढळतात. याच मोशीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने लघु व मध्यम उद्योगांचे संरक्षण प्रदर्शन भरले, तेव्हापासून शस्त्रसामग्रीविषयीचे कुतूहल या भागात उघडपणे बोलले जाऊ लागले आहे. कुतूहल वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. १८६९ पासून खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आणि १९५८ पासून पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन संस्था बाळगणाऱ्या पुणे परिसराला हा विषय परकाही नाही. परंतु कुतूहलासोबत काही समजुतीही पसरल्या आहेत, आणि त्यांतल्या काही अशा आहेत की, ज्यांच्यापायी एखादा निरपराध तरुण किंवा सचोटीचा कारखानदार फौजदारी खटल्यात सापडू शकतो. म्हणून त्यांची छाननी थोडी विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत घातक समजूत अशी की, परवाना लागतो तो अख्ख्या बंदुकीला. नळी, बोल्ट, चापाची यंत्रणा असे सुटे भाग हे केवळ लोखंडाचे तुकडे, ते कोणीही विकत घ्यावेत आणि कोणीही करून द्यावेत. शस्त्र अधिनियम १९५९ चे दुसरे कलम वाचले की ही समजूत निराधार ठरते. त्या कलमातील अग्निशस्त्राच्या व्याख्येतच अग्निशस्त्राचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री या दोहोंचा स्पष्ट अंतर्भाव आहे. सबब कायद्याच्या दृष्टीने रायफलीची सुटी नळी हीही अग्निशस्त्रच होय. तिसऱ्या कलमानुसार ती जवळ बाळगण्यास परवाना लागतो. पाचवे कलम याहून व्यापक आहे : तयार करणे, विकणे, हस्तांतर करणे, रूपांतर करणे, दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर चाचणी घेणे यालाही स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप इतकी कडक झाली आहे, आणि विनापरवाना बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे. ‘पार्टीने ड्रॉइंग दिले, मी फक्त जॉबवर्क केले’ असे म्हणून कारखानदाराची सुटका होईल, ही आशा व्यर्थ होय, कारण वस्तू कोणी घडवली हा प्रश्न कायदा विचारतो आणि त्याचे उत्तर यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसापाशीच येऊन थांबते. ड्रॉइंगवर भागाचे नाव ‘स्लीव्ह’ किंवा ‘स्पेसर’ असे लिहिलेले असले आणि त्याच्या आतून मात्र पीळदार खाचा काढावयाच्या असल्या, तर ते काम नाकारणे आणि पोलिसांना इतल्ला देणे हाच एक मार्ग उरतो.

परदेशातील संकेतस्थळावरून कुरिअरने भाग मागवला तर त्याला हरकत नसावी, हीही तशीच एक समजूत. अधिनियमाचे दहावे कलम आयात आणि निर्यात या दोहोंना परवान्याच्या कक्षेत आणते, आणि पार्सलवर ‘सायकलचे सामान’ असे लिहिल्याने वस्तूचे स्वरूप बदलत नाही. सीमाशुल्क खात्याने जप्ती केली म्हणजे वस्तू तर जातेच, वर मागवणाऱ्या इसमाचे नाव दफ्तरी लागते. ज्याच्यापाशी रीतसर परवाना आहे त्यानेही भाग घ्यावयाचा तो परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा, परवान्यावरील शस्त्राचा तपशील त्याला दाखवून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. परवाना कोणाकडे मागावयाचा याबद्दलही मोशीकरांचा घोटाळा होतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हापासून मोशी, भोसरी, आळंदी आणि चाकण येथील रहिवाशांचे अर्ज आयुक्तांकडे जातात. पलीकडे राजगुरुनगरच्या बाजूला ग्रामीण पोलिसांची हद्द लागते आणि तेथे हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे आणि सर्वसाधारण नागरिकास दोनहून अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत.

हवेच्या बंदुकीची गोष्ट निराळी आहे. ४.५ मिलिमीटर छिद्राची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या बंधनातून मोकळी ठेवली आहे, आणि या भागातील बहुतेक होतकरू नेमबाजांचा प्रवास तिच्यापासूनच सुरू होतो. मात्र त्या सवलतीचा अर्थ ‘ती खेळण्यातली आहे’ असा लावणे अनिष्ट होय. तिच्यातली स्प्रिंग बदलून किंवा नळी मोठी करून ती मर्यादेबाहेर नेली, की सवलत संपते. आणि तिने रानातले किंवा माळावरचे संरक्षित पाखरू टिपणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग बंदुकीला परवाना लागत असो वा नसो.

आता लाल ठिपक्याच्या दर्शकाकडे, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘रेड डॉट’ म्हणतात त्याकडे, वळू. कायद्याच्या व्याख्येत आवाज आणि ज्वाला दडपणाऱ्या साधनांचा नावानिशी उल्लेख आहे, दर्शकाचा मात्र नाही; बैठकीचा, म्हणजे माउंटचा, उल्लेख येतो तो केवळ तोफांच्या बाबतीत. सायलेन्सर आणि दर्शक यांना एकाच पंक्तीला बसवणे त्यामुळे चुकीचे आहे. तथापि दर्शक बसवण्यासाठी रायफलीच्या मूळ देहाला भोके पाडून टॅप मारणे हे शस्त्राच्या दुरुस्तीत किंवा फेरफारात मोडते आणि ते परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्यानेच करावे. शेजारच्या शेडमध्ये उत्तम ड्रिलिंग मशीन आहे, हे त्याला समर्थन होऊ शकत नाही.

पुष्कळांना वाटते की, रेड डॉट म्हणजे लेझर आणि त्याचा ठिपका समोरच्या लक्ष्यावर जाऊन पडतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. दर्शकातला बारीक दिवा आपला प्रकाश पुढच्या वक्र काचेवर टाकतो, त्या काचेवरचा लेप फक्त लाल रंग परत फिरवतो आणि तो समांतर किरणांच्या रूपाने नेमबाजाच्याच डोळ्यात शिरतो, त्यामुळे ठिपका फार दूरवर तरंगत असल्याचा भास होतो. लक्ष्यावर काहीही पडत नाही. ही कल्पना सर हॉवर्ड ग्रब या आयरिश दूरदर्शककाराने १९०० मध्ये मांडली आणि विजेवर चालणारा पहिला रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणला. ठिपका वेडावाकडा किंवा ताऱ्यासारखा फुटलेला दिसला की लोक यंत्राला दोष देतात, पण अनेकदा दोष डोळ्यातील वक्रतेचा असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका गोल दिसला तर दुकानदाराशी भांडण्याऐवजी नेत्रवैद्य गाठावा.

ज्या बाबीवर नेम खरोखर अवलंबून असतो, ती म्हणजे माउंट, अर्थात दर्शक आणि बंदूक यांमधली बैठक, आणि तिच्याविषयी ‘कोणतीही चालते, चार स्क्रू घट्ट आवळले की झाले’ ही समजूत इतकी रुजलेली आहे की, महागड्या दर्शकाखाली फुटकळ किमतीची बैठक लावलेली सर्रास पाहावयास मिळते. मोशीच्या कारागिराला हे समजावण्यास एक हिशेब पुरे. बैठकीची लांबी ४० मिलिमीटर धरा, आणि तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा एक दशांश मिलिमीटर उंच आहे असे समजा. एवढ्या तिरकेपणाने १०० मीटरवर २५ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक कायमचा असेल तर दर्शकाचे स्क्रू फिरवून तो काढता येतो, कारण एका मिनिटाच्या कोनाला, ज्याला नेमबाज एमओए म्हणतात, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर पडतात आणि दर्शक तेवढे सरकवण्याची सोय त्यात असते. परंतु प्रत्येक बाराला बैठक अवघी दहा मायक्रॉन हलत असेल, तर १०० मीटरवर अडीच सेंटिमीटरची अनिश्चितता येते आणि ती कोणत्याही स्क्रूने निघत नाही. दर्शक कितीही उंची असला, तरी त्याला आपल्याखालची जमीन सरकत आहे हे कळण्याचा मार्ग नाही.

बैठक निवडताना प्रथम बंदुकीवरची पट्टी पाहावी. एअर रायफली आणि .२२ च्या अनेक रायफलींवर सुमारे ११ मिलिमीटर रुंदीची डोव्हटेल खाच असते. नव्या शस्त्रांवर पिकॅटिनी पट्टी असते, जिचे मान अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये ठरवून दिले आणि जिला न्यू जर्सीतील शस्त्रागाराचे नाव मिळाले. तिच्यातल्या आडव्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद असून त्यांच्या मध्यबिंदूंत १०.०१ मिलिमीटरचे अंतर असते. तिच्याहून जुन्या वीव्हर पट्टीच्या खाचा अरुंद, साडेचार मिलिमीटरच्या आसपासच्या, आणि त्यांचे अंतर ठरलेले नाही. म्हणून वीव्हरसाठी केलेली बैठक पिकॅटिनीवर बहुधा बसते, पण पिकॅटिनीची वीव्हरवर बसेलच असे नाही. दिसायला दोन्ही सारख्या असल्याने ठोकून बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा. बसवतेवेळी बैठकीचा आडवा दांडा खाचेत ठेवून ती नळीच्या दिशेला पुढे ढकलावी आणि मग आवळावी, म्हणजे बार उडताना तो दांडा खाचेच्या भिंतीला आधीच टेकलेला असतो. स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत. ॲल्युमिनियमच्या धाग्यावर मनगटाची सगळी ताकद लावणे म्हणजे धागा सोलून काढणे होय, आणि सुटू नये म्हणून कमी ताकदीचे, पुन्हा उकलता येणारे थ्रेडलॉकर पुरेसे असते.

हवेच्या स्प्रिंग-बंदुकीबाबत एक विशेष सावधगिरी सांगणे भाग आहे. अग्निशस्त्राचा धक्का एकाच दिशेने, मागे, बसतो. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे सुटताना बंदूक आधी मागे सरकते आणि पिस्टन टोकाला आदळताच झटक्याने पुढे येते. रायफलीचा जबर धक्का पचवणारा दर्शक या उलट्या हिसक्याने निकामी होऊ शकतो आणि गुळगुळीत डोव्हटेलवरची बैठक हळूहळू घसरत जाते. तेव्हा ‘हवेची बंदूक म्हणजे हलकी, तिला काहीही चालेल’ हे म्हणणे सपशेल चूक असून, तिच्यासाठी थांबा-पिन असलेली बैठक आणि स्प्रिंग-बंदुकीसाठीच शिफारस केलेला दर्शक घ्यावा. खेळण्यातल्या प्रतिकृतींसाठी बनवलेले नामवंत दर्शकांचे हुबेहूब नमुने बाजारात स्वस्तात मिळतात; त्यांना धक्का सोसावयाचाच नसतो, म्हणून त्यांच्या अंगी तो सोसण्याची ताकदही नसते.

उंचीविषयी लोकांचा कल ‘जितके उंच तितके चांगले दिसते’ असा असतो. लष्करी कार्बाइनचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने तिला उंच बैठक लागते. जुन्या धाटणीच्या, खाली उतरत्या दस्त्याच्या रायफलीवर तीच बैठक लावली तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि शिस्त धरताना मान अधांतरी राहते. शिवाय नळी आणि दर्शक यांतले अंतर जवळच्या लक्ष्यावर जाणवते : ठिपका नळीच्या ५ सेंटिमीटर वर असून २० मीटरवर जुळवलेला असेल, तर १० मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे अडीच सेंटिमीटर खाली लागेल. डोळा कसाही ठेवला तरी ठिपका असतो तेथेच गोळी जाते, हेही पूर्णांशाने खरे नाही. २० मिलिमीटर व्यासाच्या काचेत डोळा मध्यावरून अगदी कडेला गेला, तर जवळच्या लक्ष्यावर १० मिलिमीटरपर्यंत चूक संभवते.

ही १० मिलिमीटरची चूक किती मोठी आहे, हे ज्या पालकांनी मुलाला ऑलिंपिकच्या मार्गाला लावायचे म्हणून रेड डॉटसाठी पैसे साठवले आहेत त्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांत भिंग असलेला कोणताही दर्शक वर्ज्य आहे. पुढे वर्तुळाकार माशी आणि मागे बारीक छिद्र, एवढ्यावरच सारे चालते, आणि दृष्टिदोषासाठी भिंग हवे असेल तर ते नेमबाजाच्या चष्म्यात असावे, बंदुकीवर नव्हे. नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या त्या अशाच साध्या छिद्रातून पाहून. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या आणि तेव्हा पुण्यात मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले तेही तसेच. मोशीहून बालेवाडीचे क्रीडासंकुल फार दूर नाही. रेड डॉटसाठी साठवलेले पैसे तेथील सरावावर आणि चांगल्या छऱ्यांवर खर्च होणे अधिक हितावह आहे.

राहता राहिला कारखानदारांचा प्रश्न. बैठक बनवणे हा या टापूच्या कौशल्याला साजेसा उद्योग आहे, आणि पाषाणच्या संस्थेने आरेखित केलेली कार्बाइन पुण्याच्याच भारत फोर्जने घडवावी, इतका शस्त्रनिर्मितीचा व्यवसाय आता खाजगी क्षेत्रात आला आहे. ज्याला त्यात शिरावयाचे असेल त्याने काम हाती घेण्यापूर्वी आपला भाग अग्निशस्त्राच्या व्याख्येत येतो काय, याची लेखी खातरजमा करून घ्यावी. येत असेल तर निर्मितीचा परवाना आधी मिळवावा. आणि माल परदेशी पाठवावयाचा असेल तर ‘स्कोमेट’ या नियंत्रित वस्तूंच्या यादीतील सहावा, शस्त्रसामग्रीचा प्रवर्ग तपासावा, कारण त्या प्रवर्गातील निर्यातीची अनुमती संरक्षण उत्पादन विभागाकडून घ्यावी लागते. खरेदीदाराचा परवाना आणि मंजूर ड्रॉइंगची प्रत फाइलला लागल्याखेरीज पहिला ब्लॉक यंत्रावर चढवू नये.