पोर शाळेत काय शिकतं?

मंडळी, संध्याकाळी पोरगं शाळेतून येतं. आई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारते, "काय रे, आज काय शिकवलं गुरुजींनी?" पोरगं दप्तर खुंटीला अडकवतं आणि म्हणतं, "आज चिंचोके मोजले. मग गोष्ट ऐकली." आईला वाटतं, चिंचोके मोजायला शाळा कशाला? ते काय घरी कमी आहेत?

शंका रास्त आहे. पण त्या चिंचोक्यांत गणित आहे. दहा-दहांचे ढीग केले की दशक समजतो. दशक समजला की हातच्याची बेरीज समजते. नाहीतर मूल रीत नुसती पाठ करतं आणि पुढे अडतं. गोष्टीचंही तसंच. कानावर पडून ओळखीचे झालेले शब्द पुस्तकात भेटले, की मूल ते लवकर वाचतं.

आता कोणत्या इयत्तेत काय यावं? २०२१ साली केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान सुरू केलं आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधा हिशेब करता यावा, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. त्याचं माप असं: पहिलीच्या मुलानं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीत संख्या ९९९ पर्यंत जातात. तिसरीअखेर मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं सोडवावीत.

तिसरीवरच एवढा भर का? तोवर मूल वाचायला शिकतं. त्यापुढे वाचून शिकायचं असतं. परिसर अभ्यास असो की गणितातलं शाब्दिक उदाहरण, वाचता आलं तरच ते कळतं. ज्याला वाचता येत नाही, ते पोर वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहतं.

कुणी माउली म्हणेल, "मलाच वाचता येत नाही, मी काय तपासणार?" तपासता येतं, बाई. पाठ झालेला धडा नको. घरात आलेली लग्नपत्रिका द्या, खताचं पोतं दाखवा. वाचून झालं की विचारा, "काय सांगितलंय यात?" आपल्या शब्दांत सांगता आलं, तर पोर समजून वाचतं आहे. तिसरीच्या मुलाला बाजारात विचारा, "दहाला एक, अशा कोथिंबिरीच्या सात जुड्या घेतल्या, शंभराची नोट दिली, तर परत किती?" तीस म्हणालं, की गुणाकार आणि वजाबाकी दोन्ही आली.

नाही आलं, तर पोराला मारू नका आणि पारावर बसून गुरुजींनाही बोल लावू नका. शाळेत जा. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानं पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्य ठरवलं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. सरकारी शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे याच समितीचं काम. आराखडा म्हणजे नुसती भिंतीची रंगरंगोटी आणि फाटक नव्हे. सभेत विचारा: तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं? मागे राहिलेल्यांसाठी कोणता तास ठेवला? पुन्हा कधी पाहणार?

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. "ब-२ श्रेणी आहे" एवढ्यानं पालकांना काही कळत नाही. "जोडाक्षर आलं की अडखळतो" असं सांगा. मग घरीही इलाज करता येतो.

शेवटी हजेरी. पहिली ते पाचवीसाठी कायद्यानं वर्षाला किमान २०० दिवस शाळा ठरवली आहे. ऊसतोडीला जाताना पोराला गावी ठेवण्याची सोय होते का, ते आधी शाळेत विचारा. बरोबर न्यावंच लागलं, तर तिथल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत घाला. दाखला यायला उशीर झाला, म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आज रात्री जेवणं उरकली की पोराला जवळ घ्या आणि चार ओळी वाचायला सांगा. अडखळलं तर थांबा, हसू नका. आणि उद्या गुरुजींना सांगा, कुठं अडखळलं ते.