कल्पित राज्याचा कारभार

मेजाभोवती बसलेल्या खेळाडूंनी कल्पित वीरांच्या भूमिका घ्याव्यात, सूत्रधाराने भोवतालचे जग वर्णावे आणि अनिश्चित प्रसंगांचा निर्णय फाशांवर सोपवावा, अशा भूमिकाखेळाला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ साली अमेरिकेत छापील रूप दिले. हेच वीर राज्यकर्ते झाले, की तलवारीपेक्षा दफ्तराचे महत्त्व वाढते.

‘पाथफाइंडर’ खेळाच्या २०१० मधील ‘किंगमेकर’ मोहिमेत राज्याची अर्थव्यवस्था, प्रजेची निष्ठा आणि स्थैर्य ही तीन अंगे अंकांनी मोजली जातात. दरमहा प्रथम राज्याचा खर्च भागवायचा, मग नेमणुका, बांधकामे व फर्माने, त्यानंतर वसूल आणि शेवटी आकस्मिक घटना, असा क्रम असतो. खजिन्यात तूट आली तर रयतेत असंतोष माजतो.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याच्या खेळाडूंना अशा राज्याची प्रेरणा दूर शोधावी लागत नाही. उत्तरेस नर्मदा, दक्षिणेस तापी आणि मध्ये सातपुडा अशा या प्रदेशात स्वातंत्र्यापूर्वी काठी, सिंगपूर, गव्हाळी आदी मेवासी संस्थाने नांदत होती, आणि काठीची राजवाडी होळी आजही प्रसिद्ध आहे. मात्र हा जिवंत समाजाचा वारसा असल्याने, नावे कल्पित ठेवून घाट, जंगल, बाजार व नदीचा उतार यांचेच तर्कशास्त्र उचलावे. प्रत्येक खेळाडूकडे एक खाते सोपवावे, जमाखर्च एका वहीत ठेवावा आणि प्रत्येक फर्मानाचा परिणाम एखाद्या गावकऱ्याच्या तोंडून ऐकवावा. म्हणजे अंकांमागची माणसे खेळाडूंच्या दृष्टीआड होणार नाहीत.